अंगराग किती आणि कोणता



पन्नाशी ओलांडलेल्या बाईला मेकअपबद्दल दोनच सल्ले मिळतात. घरातले म्हणतात, "आता ह्या वयात कशाला ते?" आणि दुकानातली मुलगी म्हणते, "काकू, हे लावून बघा, दहा वर्षांनी लहान दिसाल." मला दोन्ही पटत नाहीत. मी ५४ वर्षांची आहे आणि तेवढीच दिसले तर काही बिघडत नाही. पण लग्नाकार्याला, हळदीकुंकवाला, अगदी बँकेत जाताना सुद्धा चेहरा नीटनेटका असावा असं वाटतं. त्यात काही पाप आहे असं मला वाटत नाही. श्राविकेनं आर्यिका माताजींसारखं राहावं असं आपल्याला कुणी सांगितलेलं नाही. त्यांची व्रतं वेगळी, आपली वेगळी.

आणि आपल्या व्रतांत ह्या विषयाला जागा आहे बरं का. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोग परिमाण व्रत सांगितलंय. त्यात रोज कशाकशाची मर्यादा घालायची त्याची यादी येते : भोजन, वाहन, अंथरूण, स्नान, फुलं, विडा, कपडे, दागिने, गाणंबजावणं. आणि ह्याच यादीत अंगरागही आहे. अंगाला लावायची उटणी, लेप. म्हणजे आजच्या भाषेत आपला मेकअपचा डबा! स्वाध्यायात आपण ह्या प्रकरणाशी येतो तेव्हा मध आणि कंदमुळांवर अर्धा तास बोलतो. बटाटा कुणी सोडला, कुणाचा सुटत नाही, हे झालं की वेळ संपते. अंगरागापर्यंत कुणी पोचतच नाही.

त्या प्रकरणातला क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. आधी जिथं त्रस जीवांची हिंसा आहे ते सोडा. मग जिथं फळ थोडं आणि घात फार, ते सोडा. मग जे आपल्या प्रकृतीला मानवत नाही ते, म्हणजे अनिष्ट, ते सोडा. आणि एवढं करून जे उरतं, जे घ्यायला काही हरकत नाही, त्याचीही मर्यादा घाला. जन्मभरासाठी घातली तर यम, ठरावीक काळापुरती घातली तर नियम. गेल्या चातुर्मासापासून मी माझा डबा ह्याच चाळणीतून काढते आहे.

आधी अनिष्टाचं सांगते, कारण वय वाढलं की शरीरच ते सांगायला लागतं.

पाळी गेली की त्वचा बदलते हे आपल्या आया-सासवा बोलत नव्हत्या, पण बदलते. अंगातलं इस्ट्रोजेन कमी होतं, त्याबरोबर त्वचेला भरीवपणा देणारं कोलॅजेन झपाट्यानं कमी होतं, तेलग्रंथीही मंदावतात. पूर्वी दुपारपर्यंत माझं नाक चमकायचं, म्हणून कॉम्पॅक्टची डबी पर्समध्ये असायची. आता तीच पावडर लावली की डोळ्यांखालच्या आणि ओठांजवळच्या रेषांत जाऊन बसते आणि तासाभरात चेहरा भेगा पडलेल्या रानासारखा दिसतो. तेव्हा कॉम्पॅक्ट सुटली. त्याऐवजी अंघोळ झाल्यावर चेहरा पुरता कोरडा व्हायच्या आत मॉइश्चरायझर, आणि बाहेर जायचं असेल तर त्यावर सनस्क्रीन. उचगावातून कुठंही निघा, हायवेची धूळ आणि ऊन चुकत नाही. फाउंडेशन लावायचंच झालं तर क्रीमसारखं पातळ, बोटानं, नाकाच्या बाजूला आणि हनुवटीवर, जिथं रंग वेगळा दिसतो तिथंच. सगळ्या तोंडाला लिंपायचं नाही.

गालावरच्या वांगाचं मात्र वेगळं. वांग झाकायला म्हणून जाड थर द्यायला गेलं की उलट तिथंच लक्ष जातं. आणि मेडिकलमध्ये "गोरं करणारी" म्हणून जी क्रीम हातावर ठेवतात त्यांच्यापासून चार हात लांब राहा. त्यातल्या कितीतरींत स्टेरॉइड असतं. चार दिवस तोंड उजळतं, मग त्वचा पातळ होते, लाल होते, केस येतात. सरकारनं २०१८ मध्ये अशा बऱ्याच मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीची सक्ती केली, ती उगाच नाही. वांगाला ऊन टाळणं हाच निम्मा उपाय आहे, उरलेल्यासाठी त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं.

काजळ खालच्या पापणीत घातलं की ते आता पसरतं आणि थकल्यासारखं दिसतं. वरच्या पापणीच्या कडेला बारीक रेघ पुरते. भुवया विरळ झाल्यात, तिथं काळी नव्हे, तपकिरी पेन्सिल. चमचमणारी आयशॅडो तर सुरकुत्यांवर टॉर्च मारल्यासारखी दिसते, ती गेली. राहिला खरा प्रश्न, तो म्हणजे दिसण्याचा! चष्मा घातला तर पेन्सिल पोचत नाही आणि काढला तर डोळा कुठाय तेच कळत नाही. मुलानं मोठं दिसणारा आरसा आणून दिला. पहिल्या दिवशी त्यात बघून मी आमच्या ह्यांना म्हटलं, "अहो, हे असं तुम्हाला रोज दिसतं?" तर म्हणाले, "मला पण चाळिशी आहे."

केसांचा रंग हे अनिष्टाचं सरळ उदाहरण. काळ्या रंगात बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन असतं. वर्षानुवर्षं काही न होता अचानक एक दिवस त्याची ॲलर्जी होऊ शकते. मला कानामागे आणि मानेवर खाज सुटून सूज आली. डॉक्टर म्हणाले, हा विषय कायमचा बंद. हा माझा यम झाला म्हणायचा! आता कधी मेंदी, कधी तीही नाही. मेंदी घेताना बघा, "काळी मेंदी" म्हणून जे मिळतं त्यातही पुष्कळदा हेच रसायन मिसळलेलं असतं. शुद्ध मेंदीचा रंग तांबूसच येतो.

आता हिंसेची चाळणी. क्रमानं ती पहिली, पण मला तिथं पोचायला लिपस्टिकच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचावी लागली, म्हणून नंतर सांगते. लाल-गुलाबी छटांमध्ये कारमाइन नावाचा रंग वापरतात. निवडुंगावर वाढणारे कोचिनील नावाचे किडे वाळवून, कुटून तो काढतात. पेरू देशात ह्याची मोठी शेतीच होते. डब्यावर कारमाइन, कोचिनील किंवा सीआय ७५४७० असं लिहिलं असेल तर ते हेच. मोत्यासारखी झाक देणारं ग्वानिन, म्हणजे सीआय ७५१७०, हे माशांच्या खवल्यांपासून मिळतं. एक मध सोडलेली बाई, पाणी गाळून पिणारी, ओठांवर किडे वाटून लावते आणि त्याच ओठांनी णमोकार म्हणते, हे मला सहन झालं नाही. डब्यातल्या सातपैकी चार लिपस्टिक त्या दिवशी गेल्या.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला २०१४ पासून बंदी आहे, तशी चाचणी केलेला परदेशी मालही आणता येत नाही. त्यामुळे डब्यावर सशाचं चित्र बघून आपण निश्चिंत होतो. पण चाचणी केली नाही म्हणजे आत प्राणिज काही नाही, असं होत नाही. दोन प्रश्न वेगळे आहेत. हिरवा ठिपका बघा, आणि तरी मागची यादी वाचा. पुण्याची ब्यूटी विदाउट क्रुएल्टी ही संस्था १९७४ पासून हीच माहिती लोकांपुढे ठेवते आहे. जैन घरांत तिचं नाव जास्त माहीत असायला हवं.

मेणाचं काय? लिप बाममध्ये पुष्कळदा मधमाशीचं मेण असतं. माझ्या आजीच्या पिढीत कुंकवाखाली मेण लावायचीच पद्धत होती, कोरडं कुंकू त्यावर चिकटतं म्हणून. पण आमची आजी मेणाला हात लावत नसे. "मध खात नाही आणि पोळं कपाळावर ठेवू व्हय?" असं म्हणायची आणि खोबरेल तेलाचं बोट लावून त्यावर कुंकू टेकवायची. दुपारपर्यंत ते नाकावर ओघळायचं, तेव्हा पुन्हा लावायची. लेबल वाचायला येत नव्हतं तिला, तरी तिची चाळणी माझ्यापेक्षा बारीक होती.

कुंकवावरून आमच्या आत्यांची गोष्ट सांगते. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. आत्या ७८ वर्षांच्या. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी चिकटवायची टिकली लावली. गांधीनगरच्या बाजारातून पाकिटंच्या पाकिटं यायची. त्या जागी हळूहळू पांढरा डाग पडला, टिकलीएवढा, गोल. टिकलीच्या डिंकातलं एक रसायन त्वचेचा रंग बनवणाऱ्या पेशीच मारतं. हे इतक्या बायकांना झालंय की त्वचेच्या डॉक्टरांना बघताक्षणी कळतं. त्यांनी सांगितलं, टिकली बंद करा, साधं कुंकू लावा. हळदीला लिंबाचा रस आणि टाकणखार लावून केलेलं असेल तर उत्तम. आमच्या बाजूला सांगलीच्या हळदीला काय कमी? मी करून ठेवलं होतं.

पण त्याच वर्षी मामंजी गेले. भावकीतल्या बायकांनी आत्यांचं कुंकू पुसलं. आणि पुसल्यावरही तो पांढरा गोल तसाच राहिला. लग्नाला, पूजेला कुठंही गेल्या की लोकांची नजर आधी तिथं जायची. आत्या पदर कपाळापर्यंत ओढायला लागल्या. मग बाहेर जाणंच कमी केलं. शेवटी मंदिरातही सगळे येऊन गेल्यावर जायच्या.

मे २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या गावांनीही हे करावं म्हणून परिपत्रक काढलं. पेपरातली ती बातमी मी आत्यांना वाचून दाखवली. त्या ऐकून गप्प बसल्या. मी म्हटलं, आता लावता का कुंकू?

"लाल नको," म्हणाल्या. "ते तुमच्या मामंजींच्या नावाचं होतं. ते गेलं." जरा वेळानं म्हणाल्या, "पर मोकळं कपाळ बी नको बाई. देवळात गंधोदक लावताना कोण विचारतंय व्हय गं, नवरा हाय का न्हाई?"

दुसऱ्या दिवसापासून त्या सहाणेवर चंदन उगाळून, त्यात केशराची काडी घालून, त्या पांढऱ्या गोलावर गंध लावतात. नीट, आरशात बघून, माझा तो मोठा आरसा घेऊन. घरातल्या एक-दोघींनी नाकं मुरडली. मला मात्र तेव्हा उमगलं की त्याग आणि काढून घेणं ह्यात आपण किती घोटाळा करतो. कुंकू पुसलं तेव्हा सगळ्या म्हणत होत्या, "आता वैराग्याचं वय." व्रत स्वतःच्या तोंडानं घ्यायचं असतं. लाल नको हे आत्यांनी स्वतः सोडलं, म्हणून ते व्रत. कपाळ मोकळं केलं ते दुसऱ्यांनी.

"आता ह्या वयात कशाला" ह्या वाक्याची मला म्हणूनच चीड येते. पंचकल्याणकात बघा, इंद्र-इंद्राणीच्या पात्रांना मुकुट, हार, सगळा शृंगार असतो. नीलांजनेचं नृत्य दाखवतात. ती नाचता नाचता आयुष्य संपून नाहीशी होते आणि ते बघून आदिनाथांना वैराग्य येतं. रूप टिकत नाही हे सांगायलाही आपल्याला आधी रूप मांडावं लागतं. आणि वैराग्य आलं ते बघणाऱ्याला, नीलांजनेवर कुणी लादलं नाही.

तर ह्या चातुर्मासाचा माझा नियम असा. डब्यात पाचच वस्तू : मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, भुवयांची पेन्सिल, काजळ आणि एक लिपस्टिक, विटकरी छटेची, कारमाइन नसलेली. गडद मरून आता ओठ अजून बारीक दाखवतो आणि कडेच्या रेषांतून बाहेर पसरतो, विटकरी तसा करत नाही. एक संपल्याशिवाय दुसरं आणायचं नाही. दशलक्षणाचे दहा दिवस ह्यातलं सनस्क्रीन सोडून काहीच नाही. पहिल्या वर्षी तिसऱ्या दिवशी एका मैत्रिणीनं विचारलं, "बरं नाही का गं?" ह्या वर्षी कुणी विचारलं नाही. एक तर सवय झाली असेल, नाहीतर त्यांच्याही डोळ्यांना चाळिशी लागली असेल.

नियम दिवाळीपर्यंतचा आहे. निर्वाणलाडू चढवून आलो की पुन्हा डबा उघडून बघणार. लिपस्टिक तोवर पुरेल असं दिसतंय. आत्यांचं चंदनाचं खोड मात्र झिजत आलंय, ते नवीन आणायला हवं.