लाल कंदिलाखाली

हिरोशिमात एका संध्याकाळी लाल कागदी कंदील टांगलेल्या ‘इझाकाया’च्या दारात माझे पाय अडखळले. धर्मगुरूने गुत्त्यात बसावे काय? आत मात्र कामावरून परतलेली माणसे खांद्याला खांदा लावून जेवत होती. तापल्या लोखंडी तव्यावर पिठाचा पातळ थर, कोबीचा ढीग, डुकराचे मांस, नूडल्स, अंडे अशी ‘ओकोनोमियाकी’ रचली जात होती. ६ ऑगस्ट १९४५ च्या अणुबॉम्बनंतर, अन्नटंचाईच्या दिवसांत, पिठाच्या अशाच पोळ्यांनी शहराला आधार दिला. कित्येक विधवांनी घरातच तवा मांडून मुले वाढवली, असे तेथे सांगतात. तिथल्या रीतीप्रमाणे आपला पेला आपण भरायचा नसतो. शेजारच्या वृद्धाने न बोलता माझा भरला. मी त्याचा भरला. ‘गुत्ता’ हा शब्द मी मनोमन मागे घेतला.