बर्फावरची चाकोरी

बैलगाडीचा काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना चाकोरी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ओल्या वाटेवरून गाडी गेली की चाकाची लोखंडी धाव मातीत रुतून खोल रेघ उमटे. उन्हाने ती टणक होई आणि मागून येणारी गाडी, हाकणाऱ्याची इच्छा असो वा नसो, त्याच रेघेत ओढली जाई. ही आठवण आम्हांला कॅनडातील क्वेबेक प्रांतात, तेही हिमावर व्हावी, याचे आजही नवल वाटते.

२०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही पुतण्याकडे तेथे राहिलो होतो. व्हाल्कूर हे गाव त्याच्या घरापासून जवळच. स्नोमोबाइल म्हणजे हिमावर धावणारी यंत्रगाडी. तिच्या इतिहासात या गावाचे स्थान मोठे आहे. जोसेफ-आर्मांद बोंबार्दिए यांचे गॅरेज येथेच होते. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते हिमाने बुजलेले. इस्पितळ गाठता आले नाही आणि ते बाळ दगावले. पुढे १९३७ मध्ये या पित्याने सात जणांना वाहून नेणारी हिमगाडी सिद्ध केली. १९५९ मध्ये त्यांची ‘स्की-डू’ ही लहान गाडी आली. तिच्या आरंभीच्या नमुन्यांपैकी एक उत्तर ऑन्टारिओत मूळनिवासी लोकांमध्ये सेवा करणारे ओब्लेट मिशनरी फादर मोरिस विमे यांच्याकडे गेला. दुसऱ्यापर्यंत वेळेवर पोहोचता यावे, या तळमळीशी या यंत्राचे नाते असे जुने आहे.

या गाडीला मागे रबरी पट्टा असतो. तो तिला पुढे ढकलतो. पुढच्या दोन स्की तिला दिशा देतात. स्कीच्या तळाला होडीसारखा कणा असतो आणि त्याखाली पोलादी पट्टी; तिच्यात कार्बाइड या अतिकठीण द्रव्याची धार बसवलेली असते. रुंद स्की भुसभुशीत हिमावर तरंगते. खोल कण्याची, धारदार स्की दाबलेल्या वाटेत घट्ट रुतते आणि वळणावर गाडी घसरू देत नाही. परंतु हाच गुण वाटेवर खोल रेघ सोडून जातो. मागच्या गाडीची स्की त्या रेघेत सापडली की गाडी एकाएकी डावीउजवीकडे ओढ घेते. म्हणून काही स्कींना दोन समांतर कणे देतात; एक जुन्या रेघेत पडला तरी दुसरा गाडीला सावरतो. वाटेवरचे उंचवटे मात्र मुख्यतः मागच्या पट्ट्यामुळे होतात. सारा दोष स्कीला देता येत नाही.

ही वाट रोज रात्री नव्याने घडवावी लागते. शेतात फळी फिरवावी तसे एक अवजड यंत्र उंचवटे कापते, हिम कालवते आणि दाबत जाते. त्यानंतर काही तास थंडीत वाट निवांत राहिली, तरच हिमाचे कण एकमेकांना धरतात. पुतण्याचे वयोवृद्ध शेजारी हे काम विनामोबदला करीत.

राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी दुपारी हिम वितळू लागले होते. संध्याकाळी यंत्र नुकतेच फिरून गेले होते. “आता जायला नको,” असे पुतण्या म्हणाला. आम्हीच हट्ट धरला, “एकच फेरी!” त्या मऊ वाटेवर आमच्या स्कींनी दोन खोल रेघा ओढल्या. रात्री कडाक्याची थंडी पडली आणि त्या दगडासारख्या गोठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शेजाऱ्यांच्या पत्नी त्याच वाटेने निघाल्या. वळणावर गाडीने ओढ घेतली, ती कडेच्या ढिगावर आदळली आणि बाईंचे मनगट दुखावले. ती रेघ आमचीच होती, हे कोणी सिद्ध करू शकले नसते. नेमके तेच आम्हांला अधिक बोचले. संध्याकाळी कपाळावर राख घेऊन परतताना आम्ही शेजाऱ्यांचे दार ठोठावले आणि घडले ते सांगितले.

ते क्षणभर गप्प राहिले. मग आम्हांला अंगणात नेऊन त्यांनी पत्नीची गाडी दाखवली. “हिच्या पट्टीची धार झिजली आहे, ती मी केव्हाच बदलायला हवी होती,” ते म्हणाले. “रेघ तुमची असेल, आळस माझा.” आम्ही क्षमा मागायला गेलो होतो, त्यांनी तर आपलाही वाटा उचलला. बाईंनी बांधलेल्या हाताने नव्हे, दुसऱ्या हाताने आम्हांला कॉफी दिली.

त्या रात्री आम्ही खिडकीपाशी बसून होतो. दूर झाडांमधून यंत्राचा दिवा हळूहळू सरकत होता. आम्ही उमटवलेली चाकोरी एक वृद्ध माणूस झोपमोड करून बुजवत होता. गाडीची चावी पुतण्याने खुंटीला टांगली होती. सकाळ होईपर्यंत आम्ही तिच्याकडे पाहिलेही नाही.