टक्के किती, की समजले किती?

निकाल लागला की आमच्या कोरीटमध्ये घरोघरी एकच प्रश्न : टक्के किती? आमची आठवीतली लेक मात्र म्हणाली, “अब्बू, गणित पाठ झालंय, समजलं नाही.” आम्हा दोघांना हे टक्क्यांहून मोलाचे वाटले.

आपल्याला काय येत नाही हे ओळखणे, हीसुद्धा विद्याच. ती मोजण्यासाठी श्रॉ व डेनिसन या संशोधकांनी १९९४ मध्ये ५२ विधानांची प्रश्नावली केली. विषय समजून घेणे हेच ज्यांचे ध्येय, ती मुले आपला अभ्यास स्वतः जास्त तपासतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

म्हणून मगरिबनंतर दप्तर उघडले की आम्ही विचारतो, “आज कुठे अडलं?” उद्या लेक कॉलेजला जाईल, तेव्हा आम्ही शेजारी नसू. हा प्रश्न तिचा तिलाच विचारता यायला हवा.