माहुलच्या खाडीतले पाळणाघर

चेंबूर स्टेशनला उतरून माहुलगावाची बस धरली की रस्त्याला कारखान्यांच्या भिंती आणि चिमण्या लागतात. तेल शुद्धीकरणाचे दोन कारखाने इथे १९५४-५५ मध्ये सुरू झाले. त्यापलीकडे जुना कोळीवाडा, होड्या आणि तिवरांची झाडी. हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी चिखलावर फ्लेमिंगोंचे थवे उतरतात. ते पाहायला माणसे लांबून येतात. पण त्याच पाण्यात डोळ्यांना न दिसणारी मोठी वस्ती आहे. ती माशांच्या पिल्लांची.

बहुतेक समुद्री मासे अंडी पाण्यात सोडून देतात. अंडे जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढे. त्यातून निघणारे पिल्लू काचेसारखे पारदर्शक असते आणि प्रवाह नेईल तिकडे जाते. मालवणच्या प्रवाळांतल्या माशांची पिल्लेही अशीच काही आठवडे वाहत राहतात आणि मग प्रवाळ गाठतात. माहुलला प्रवाळांची जागा तिवरांनी घेतली आहे. कोळंबी बाहेर समुद्रात अंडी घालते. तिची पिल्ले भरतीबरोबर खाडीत शिरतात. बोय आणि जिताडा यांची पिल्लेही इथेच वाढतात. तिवरांच्या मुळांत मोठे मासे शिरू शकत नाहीत आणि खायला भरपूर मिळते.

ही पिल्ले मोजतात कशी? बारीक कापडाचे शंकूसारखे जाळे होडीमागे ओढतात. जाळ्याच्या तोंडाशी किती पाणी आत गेले ते दाखवणारे मीटर असते. मग सूक्ष्मदर्शकाखाली जातवार मोजणी. आम्हा कारकुनांच्या खतावणीसारखेच काम! पण एका दिवसाच्या आकड्यावर हिशेब लागत नाही. उधाण आणि भांग, दिवस आणि रात्र, पावसाआधी आणि पावसानंतर आकडे बदलतात.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले आणि तिवरांपर्यंत पोहोचले. अनेक माशांची अंडी पाण्याच्या वरच्या थरात तरंगतात, तेलही तिथेच तरंगते. मोठा मासा पळून जाईल, पिल्लू कुठे पळणार? मेलेल्या पिल्लांचा खच कुणाला दिसत नाही. पुढे दिसते ती कोळणीची हलकी झालेली पाटी.

याच माहुलच्या हवेत राहायला नकार देणारी विस्थापित कुटुंबे न्यायालयात गेली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दुसरीकडे घर किंवा दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. माणसांना दाद मागता आली. पिल्लांच्या वतीने आपणच बोलायला हवे.

तिवर तोडण्यास २००५ पासून न्यायालयाची बंदी आहे. २०२३ मध्ये राज्य शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली. तेव्हा वाचकहो, तिवरांवर भराव पडताना दिसला तर सह्या गोळा करून लेखी तक्रार द्या. आणि बाजारात बोटभर पापलेट स्वस्त मिळाले तरी पिशवीत घेऊ नका. ते वाढले, तर उद्या कोळ्याची चूलही पेटेल आणि आपल्या मुलांच्या ताटातही मासा पडेल.