फळीवरचा किल्ला

दिवाळीत बेळगावच्या गल्ल्यांतून फिरावे ते किल्ले बघायला. विटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट, उतारावर उगवलेली मोहरी आणि मातीचे मावळे. आमच्या अंगणातही दरवर्षी असा किल्ला व्हायचा. गेल्या दिवाळीत बंगळूरहून आलेला नातू म्हणाला, "अज्जा, मला बरोबर नेता येईल असा किल्ला हवा."

त्याचा खेळ निराळा. बोटाच्या पेराएवढे सैनिक, टेपने अंतर मोजून चाल आणि फाशांवर हारजीत. हे आजकालचे खूळ म्हणावे, तर एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्येच अशा खेळाचे नियम 'लिटल वॉर्स' या पुस्तकात छापले होते. त्यांची रणभूमीही मुलांच्या लाकडी ठोकळ्यांचीच!

खडेबाजारात एका गाड्यावर प्लास्टिकचा किल्ला मिळाला. बुरूज गुलाबी, दार जांभळे. मला हसू आले. नातवाने खिशातून सैनिक काढून दाराशी उभा केला. दार त्याच्या डोक्याहून थोडे उंच. "चालेल," म्हणाला.

रंगावरून मात्र आमचे जमेना. त्याला सगळा किल्ला करडा हवा होता. मी म्हटले, चल, खराच बघू. गावातल्या किल्ल्याचा खंदक, दाराशी असलेली गणपती आणि दुर्गेची देवळे, आत कमल बस्तीच्या छतातले दगडी कमळ, सगळे दाखवले. तो कमळाकडे क्षणभर बघून पुन्हा तटाकडेच वळला. पावसाचे पाणी ओघळून पडलेले काळे पट्टे, पायाशी शेवाळ, वर उन्हाने फिकटलेला दगड. जन्मभर या तटावरून गेलो, पण असा कधी पाहिला नव्हता.

घरी आल्यावर किल्ला साबणाने धुतला. प्लास्टिकवरचा तेलकटपणा गेला नाही, तर रंगाचे पोपडे निघतात. मग पॉलिश पेपर, प्रायमर आणि काळा हात. तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने करडा रंग नुसता फिरवायचा. उंचवटे उजळतात, फटी काळ्याच राहतात. भांडी घासायच्या हिरव्या घासणीचे तुकडे झाले झुडपे, वाळवलेला चहाचा चोथा झाली पायवाट. थर्माकोलच्या डोंगरावर मी उत्साहाने स्प्रे मारला आणि तो डोंगर बसलाच! नातू काही बोलला नाही, हे त्याचे मोठेपण. आतून सूनबाईंची हाक, "साक्री, ऊटक्क बर्री!"

घर विकायचे ठरले आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. पण शेवटच्या दिवशी त्याने स्वतःच चाळण मागितली. अंगणातली माती चाळली, फळीवर फेव्हिकॉल पसरून तिच्यावर भुरभुरली.

रात्रीच्या गाडीत त्याला खिडकीजवळची खालची जागा मिळाली. वरच्या बर्थवर चादर अंथरून किल्ला ठेवला होता.