वास येतो, पण कधी?

मैंदर्गीतल्या माझ्या गॅरेजात वासाची तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्या बऱ्याचदा गाणगापूरहून परतलेल्या असतात. अक्कलकोटला स्वामींचं दर्शन, मग मैंदर्गी-दुधनीमार्गे गाणगापूर, तिथं भीमा-अमरजेच्या संगमावर आंघोळ आणि ओले कपडे डिकीत. जोडीला हार, केळी, प्रसादाचा नारळ. काचा लावून गाडी उन्हात राहिली की आत बसवत नाही. मग परफ्यूमची बाटली येते. ती मी आधी काढायला लावतो. तिच्यामुळे खरा वास हाती लागत नाही.

वास कुठून येतो, हे मी मालकाला विचारत नाही. रोज बसून त्याचं नाक सरावलेलं असतं. कधी येतो, ते विचारतो. एसी लावल्या लावल्या कुबट झोत आला नि थोड्या वेळानं विरला, तर कूलिंग कॉइलवर बुरशी धरलेली असते. उन्हाळ्यात एसी चालू ठेवून गाडी उभी केली की खाली पाणी ठिबकायलाच हवं. नाही ठिबकलं, तर ड्रेन पाइप तुंबलाय आणि पाणी आत झिरपतंय. मॅट वरून ठणठणीत कोरडी दिसते. कार्पेटची कड उचलून खालचा फोम दाबला की बोटांच्या फटीतून काळपट पाणी वर येतं. तो फोम बाहेर काढून कडक उन्हात वाळवावाच लागतो; वरवर शॅम्पू मारणं म्हणजे पैसे वाया.

सुगीनंतर कडब्याच्या गंजीशेजारी लावलेल्या गाड्यांत उंदीर शिरतात. केबिन फिल्टर ओढला की त्यावर भुसा, कापूस, लेंड्या. नाकाला फडकं बांधूनच तो काढतो. पंखा वाढवला की हा वास वाढतो.

काही वासांना मात्र थांबायला वेळ नसतो. गोडसर वास आणि समोरच्या काचेवर आतून चिकट वाफ म्हणजे हीटरमधून कूलंट गळतंय. कुजक्या अंड्यासारखा वास आणि बॅटरी तापलेली, तर चार्जिंग जास्त होतंय. तिथं काडी ओढायची नाही. सगळ्यात वाईट धुराचा. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वासच नसतो आणि मागच्या सीटवर लेकरं झोपलेली असतात. धूर जाणवला की काचा खाली करा, गाडी बाजूला घेऊन बंद करा, सगळ्यांना उतरवा आणि तिथूनच फोन करा. अशी गाडी सायलेन्सरची गळती बंद केल्याशिवाय मी सोडत नाही, मालकाला कितीही घाई असो.