भिंतीला पाणी कोण घालणार?

हल्ली कुठल्याही नव्या ऑफिस बिल्डिंगचं ब्रोशर उघडा. पहिल्या पानावर काच, दुसऱ्या पानावर काच, आणि तिसऱ्या पानावर एक हिरवीगार भिंत. भिंतीसमोर लॅपटॉपकडे बघून हसणारी एक मुलगी. (लॅपटॉपवर एवढं हसण्यासारखं काय असतं, हे मला सहा वर्षांच्या नोकरीत कळलेलं नाही.) खाली लिहिलेलं असतं, ही भिंत हवा शुद्ध करते, इमारत थंड ठेवते आणि मन प्रसन्न करते. एकाच रिलीजमध्ये तीन मोठे फीचर्स! आमच्याकडे क्लायंटने असं काही मागितलं तर आम्ही आधी विचारतो, टेस्ट कोणी केलंय?

हे सगळं सध्या डोक्यात घोळतंय, कारण आमची कंपनी पुढच्या वर्षी नव्या इमारतीत जातेय. तिथे काय काय हवं ते ठरवायला एक कमिटी नेमलीय आणि डेव्हलपर मंडळींतर्फे तिच्यात मी आहे. लॉबीत हिरवी भिंत करावी की नाही यावर सोमवारपर्यंत लेखी मत द्यायचंय. त्यामुळे गेले दोन वीकेंड हेच वाचत बसलोय. घरचे म्हणतात, एवढा अभ्यास इंजिनियरिंगला केला असतास तर.. असो.

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात लँडस्केप शिकवणाऱ्या स्टॅनली हार्ट व्हाईट यांना १९३८ मध्ये झाडं धरून ठेवणाऱ्या उभ्या रचनेचं पेटंट मिळालं होतं. पण ती जगभर गाजवली पॅट्रिक ब्लाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने. पॅरिसला के ब्रान्ली नावाचं संग्रहालय २००६ मध्ये उघडलं. त्याच्या कार्यालयाच्या इमारतीवर ब्लाँची सुमारे ८०० चौरस मीटरची भिंत आहे. पद्धत ऐकायला सोपी आहे. भिंतीपासून थोडी जागा सोडून लोखंडी सांगाडा, त्यावर पीव्हीसीचा पत्रा, त्यावर फेल्टचे दोन थर. झाडांची मुळं त्या फेल्टमध्ये. वरून खतमिश्रित पाणी ठिबकत खाली येतं. माती नाहीच.

आता ही 'माती नाहीच' भानगड नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. माती नाही म्हणून भिंत हलकी होते, हे खरं. पण माती म्हणजे झाडाची शिल्लक. दोन दिवस पाणी घालायला विसरलात तरी कुंडी सांभाळून घेते. भिंतीला ही सवलत नाही. पंप बंद पडला की तिचं घड्याळ सुरू होतं, आणि उन्हाळ्यात ते फार जोरात धावतं.

आता त्या तीन फीचर्सकडे वळू. पहिलं, हवा शुद्ध करणं. याचं मूळ बहुतेक वेळा नासाच्या १९८९ च्या एका अभ्यासाकडे जातं. घरातली झाडं हवेतली काही रसायनं शोषून घेतात असं त्यात दिसलं होतं. अभ्यास खराच आहे, पण तो बंद पेटीतला. ऑफिस ही बंद पेटी नसते (कितीही वाटलं तरी :-) ). एसी सतत बाहेरची थोडी हवा आत घेत असतो. असे बरेच अभ्यास एकत्र तपासून २०१९ मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी हिशोब मांडला. हवेची एवढी अदलाबदल नुसत्या झाडांकडून करून घ्यायची तर जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. म्हणजे तुमच्या क्युबिकलमध्ये झाडंच बसतील, तुम्ही बाहेर.

दिल्लीत नेहरू प्लेसला पहाडपूर बिझनेस सेंटर आहे. त्याच्या कमल मीटल यांनी २००९ च्या टेडच्या भाषणात सांगितलं होतं की त्यांच्या इमारतीत ३०० माणसांसाठी १२०० झाडं आहेत. लोक तेवढंच लक्षात ठेवतात. पण त्याच भाषणात ते हेही सांगतात की दिल्लीत अरेका पामची पानं रोज पुसावी लागतात आणि दर तीन-चार महिन्यांनी झाडं बाहेर मोकळ्यावर न्यावी लागतात. १२०० झाडांची पानं! ती कोणीतरी पुसतं. ब्रोशरमध्ये तो माणूस नसतो.

दुसरं फीचर, थंडावा. यात तथ्य आहे, पण भिंत बाहेर असेल तर. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते साधारण ०.६८ युनिट विजेएवढी उष्णता शोषून घेतं. शिवाय पानांची सावली भिंतीवर पडते ती वेगळीच. पश्चिमेच्या भिंतीवर एप्रिलच्या दुपारी याचा खरंच फायदा होतो. तीच झाडं एसी लॉबीत लावली तर ती वाफ आतच राहते, आणि हवेतला तो ओलावा काढायला एसीलाच पुन्हा राबावं लागतं. वर लॉबीत ऊन नाही म्हणून झाडांसाठी दिवसभर दिवे. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात, मध्ये थोडी गळती.

वीज वाचवणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा फोटोत येतच नाहीत. इन्फोसिसने हैदराबादजवळ पोचारमच्या कॅम्पसमध्ये २०११ च्या सुमारास एक इमारत बांधली, दोन सारख्या भागांची. एका भागात चांगल्या प्रतीचा नेहमीचा एसी, तर दुसऱ्यात स्लॅबमधून गार पाण्याच्या नळ्या फिरवून थंडावा. चक्क बिल्डिंगची ए-बी टेस्ट! नळ्यांच्या भागाला गारव्यासाठी साधारण एक तृतीयांश वीज कमी लागली. पण स्लॅबमधल्या नळ्यांसमोर उभं राहून कोण सेल्फी काढणार?

राहिलं तिसरं, मन प्रसन्न करणं. हे मात्र मी माझ्यापुरतं मान्य करतो. आमच्या आत्ताच्या लॉबीत २०२३ पर्यंत खरी हिरवी भिंत होती. कप्प्यांमध्ये कोकोपीट, त्यात मनी प्लांट, फर्न वगैरे अठराशे रोपं. आमचा अमेरिकेशी सकाळी साडेसातचा कॉल असायचा, म्हणून मी सातलाच पोचायचो. त्या वेळी लॉबीत दोनच माणसं, सिक्युरिटीवाला आणि माळीकाका.

काका बार्शीकडचे. गावाकडे थोडी कोरडवाहू जमीन, मुलगा इकडे आला म्हणून तेही आलेले. शिडीवर चढून ते प्रत्येक ओळीतल्या दोन-तीन कप्प्यांत बोट खुपसून बघायचे. मी एकदा विचारलं, "काका, टायमर आहे ना पाण्याला?"

"टायमर हाय की. पर पानी वरनं खाली येतं सायेब. वरच्याला तहान आन् खालच्याला चिखल. टायमरला बोट कुठंय?"

खिशात एक टाचणी असायची. टँकरच्या पाण्यातल्या क्षारांनी ठिबकच्या तोट्या बुजायच्या, पांढरा थर जमायचा. तो टाचणीने काढायचा, नाहीच निघाला तर तोटी बदलायची. रोजचे दोन तास हेच. भिंत जिवंत होती ती या दोन तासांमुळे. पंप, टायमर, नळ्या नंतर.

एप्रिल २०२३ मध्ये कंत्राटाचं नूतनीकरण झालं आणि खर्च कमी करायला काकांचे दिवस सहावरून तीनवर आले. सोमवार, बुधवार, शुक्रवार. १ मे सोमवारी आला, सुट्टी. शुक्रवारी रात्री पंपाचा स्विच ट्रिप झाला. लॉबीचा एसी सुट्टीत बंद. काका बुधवारी सकाळी आले तेव्हा वरच्या ओळी करपल्या होत्या. पुढच्या पंधरा दिवसांत निम्मी भिंत गेली. कंत्राटदाराने अहवालात लिहिलं, 'माळ्याचे दुर्लक्ष'. जुलैत तिथे प्लॅस्टिकच्या पानांचे पॅनेल लागले. लांबून बघितलं तर कळतसुद्धा नाही.

काका शेवटच्या दिवशी भेटले. आवाज चढलेला नव्हता. एवढंच म्हणाले, "पंप बंद पडलाय असा एक फोन केला असता तर मी सुट्टीचा बी आलो असतो. पर माझा नंबर कुनीच घेतला न्हाई."

हे वाक्य मला अजून टोचतं. आमचा एक टेस्ट सर्व्हर आहे. त्याच्यावर महिनोन्महिने कोणी लॉगिनसुद्धा करत नाही. तरी तो पडला तर रात्री दोन वाजता कोणाला उठवायचं याची चार नावांची यादी आहे. अठराशे जिवंत रोपांसाठी एका माणसाचा नंबर नव्हता. आणि त्याच माणसाच्या नावावर दुर्लक्ष!

मग हिरव्या भिंती करूच नयेत का? असं मला वाटत नाही, आणि त्याचं कारण हैदराबादचीच आणखी एक इमारत आहे. मुंबईचे आर्किटेक्ट राहुल मेहरोत्रा यांच्या फर्मने केएमसी या कंपनीसाठी तिथे ऑफिस बांधलं, २०१२ मध्ये पूर्ण झालेलं. मी ते फोटोंत आणि नकाशांतच बघितलंय. आत नेहमीची खिडक्यांची इमारत. थोडं अंतर सोडून बाहेरून ॲल्युमिनियमची जाळी, आणि जाळीवर मातीशिवाय वाढणाऱ्या रोपांचे ट्रे. पाण्याचा फवारा झाडांना भिजवतो आणि आत येणारी हवाही गार करतो.

माझ्या दृष्टीने खरी गंमत त्या मधल्या जागेत आहे. तिथे प्रत्येक मजल्यावर माळ्यांना चालायला अरुंद वाट आहे. त्यामुळे माळी दिवसभर खिडक्यांसमोरून ये-जा करत असतात, खुर्चीवर बसलेल्यांच्या अगदी नजरेसमोर. मेहरोत्रांनी हे मुद्दाम केलंय. एकाच इमारतीत काम करणारी पण एरवी कधी समोरासमोर न येणारी माणसं एकमेकांना दिसावीत, असा त्यांचा विचार आहे. म्हणजे माळ्याची वाट नकाशात पहिल्या दिवसापासून आहे. आमच्याकडे शिडी होती, तीही साडेआठच्या आत उचलायची. व्हिजिटर यायच्या आधी.

तर सोमवारसाठी मी लिहिलंय ते थोडक्यात असं. लॉबीत ऊन नाही, तिथे जिवंत भिंत नको. पश्चिमेच्या बाजूला, बाहेर, तारांच्या जाळीवर वेल चढवा. मधुमालती, जाई, कृष्णकमळ, जे आपल्याकडे सहज वाढतं ते. मुळं जमिनीत, खऱ्या मातीत, म्हणजे पंप दोन दिवस बंद पडला तरी आकाश कोसळणार नाही. भिंत भरायला दोन-तीन वर्षं लागतील, उद्घाटनाच्या फोटोत ती टकली दिसेल, हे आधीच मान्य करा. एसीच्या नळीतून पडणाऱ्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, ते गोळा करून तिकडे वळवा, तोट्या बुजणार नाहीत. खिडक्यांना बाहेरून छज्जे द्या.

आणि शेवटचा मुद्दा. कमिटीच्या एक्सेल शीटमध्ये 'ग्रीन वॉल' या ओळीसमोर बांधकामाचा खर्च आहे, देखभालीच्या रकान्यात 'नंतर ठरवू' असं लिहिलंय. मी ती ओळ दोन भागांत तोडलीय. एका ओळीत वेल, जाळी, नळ्या. दुसऱ्या ओळीत पूर्ण वेळ माळी, आठवड्याचे सहा दिवस, कंपनीच्या पगारावर, आणि त्याचं नाव बिल्डिंगच्या ऑन-कॉल यादीत. खाली टीप टाकलीय की दुसरी ओळ कापायची असेल तर पहिलीही कापा. प्लॅस्टिक लावायला माझी हरकत नाही, फक्त मग ब्रोशरमध्ये तिला हिरवी म्हणू नका.

फायनान्सवाले काय म्हणतील ते साधारण माहीत आहे. "एका माळ्याचा पगार कशाला, वेंडर बघेल ना." त्याचं उत्तर तयार ठेवलंय. गेल्या वेळी वेंडरच बघत होता.